साडूंचा खेकडा

दारव्हा तालुक्यात बंद पडलेल्या यंत्रावर माझ्या साडूंइतकी माया करणारा दुसरा माणूस नाही. चालू यंत्राकडे मात्र ते संशयाने पाहतात. छताचा पंखा आवाज न करता फिरत असेल तर ते खाटेवर पडून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहतात आणि म्हणतात, "काहीतरी दाबून ठेवून राह्यला हा." दुसऱ्या दिवशी पंखा खाली उतरलेला असतो. घरातलं मिक्सर, शिलाई मशीन, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटर, भिंतीवरचं घड्याळ यांपैकी प्रत्येक वस्तू त्यांनी किमान एकदा पूर्ण उघडून पुन्हा जोडलेली आहे. जोडून झाल्यावर एखाददुसरा स्क्रू उरतो. तो ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतात. बरणी आता गळ्यापर्यंत भरली आहे. कोणी विचारलं तर सांगतात, की हे कंपनीने उगाच जास्तीचे लावले होते.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय बासष्ट, अंगाने काटक, चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. गावाबाहेर नाल्यापलीकडच्या टेकाडावर त्यांचं सात एकर कापसाचं वावर आहे. यंत्र उघडण्यापूर्वी ते हातपाय धुतात आणि चपला बाहेर काढतात. मग स्वयंपाकघरातून लाटणं मागवतात. लाटण्याचं एक टोक यंत्राला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटतात. एकदा शेजाऱ्याची मोटर त्यांनी अशी तपासली आणि निदान केलं, "हे थकलं. आठ दिवस याले सुट्टी द्या." त्या आठ दिवसांत पाऊस आला, पिकाला पाणी द्यायची गरज पडली नाही, आणि नवव्या दिवशी मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. हा रुग्ण आपण औषधाशिवाय बरा केला असं ते आजही सांगतात. दुरुस्तीसाठी यंत्र घराबाहेर न्यायचं नाही, हा त्यांचा नियम. "माणूस दवाखान्यात नेला तर चार जण पाहायले येतात," ते म्हणतात. "मशीन नेली तर चार जण पार्ट काढून घेतात."

अशा माणसाच्या घरी परदेशी बनावटीची गाडी येण्याचं कारण ताई. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी. सासरी-माहेरी सगळेच त्यांना ताई म्हणतात. चार वर्षांपूर्वी वावरातल्या ओल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या घसरल्या आणि उजवा गुडघा कायमचा अधू झाला. ट्रॅक्टरवर चढता येईना, मोटरसायकलवर बसता येईना. पांदणीतून चालत जाणं तर दूरच, कारण पावसाळ्यानंतर त्या रस्त्यावर बैलाचे खूर सुद्धा विचार करून पडतात. त्या दोन हंगाम घरीच राहिल्या. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सीतादही केल्याशिवाय सुरू होत नाही. घरची बाई वावरात जाते, पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाच्या झाडाखाली, दगड मांडून हळदकुंकू वाहते, दहीभात शिंपडते, आणि पहिली बोंडं स्वतःच्या हाताने वेचते. मग मजूर बाया ओळीने वेचायला लागतात. त्या दोन्ही वर्षी हे ताईंच्या धाकट्या जावेने केलं. ताईंनी घरी दही लावलं, भात कालवला, डबा बांधून दिला आणि संध्याकाळी एवढंच विचारलं, "दही आंबट तर नव्हतं?"

साडूंनी तो प्रश्न ऐकला होता. महिन्याभरात ते नागपूरकडे गेले आणि बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधून ही गाडी घेऊन आले. दोन माणसांना शेजारी शेजारी बसता येईल एवढीच, दारं नसलेली, लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्याची. चारही जाड चाकं अंगापासून फाकलेली. गावाने पहिल्याच दिवशी तिचं नाव खेकडा ठेवलं. साडूंना नाव आवडलं नाही, पण नाल्यातून दगडांवरून ती तिरकी तिरकी वर चढली तेव्हा त्यांनीही विरोध सोडला. सीटची उंची बरोबर ताईंच्या कमरेइतकी. त्या आधी बसायच्या आणि मग दोन्ही पाय आत घ्यायच्या. त्या हिवाळ्यात त्या रोज वावरात गेल्या. जाताना एक हात पिंजऱ्याच्या नळीला, दुसरा पदराला. "हेलिकॉप्टरात बसल्यासारखं वाटते," त्यांनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं. दोघींपैकी कोणीही हेलिकॉप्टर जवळून पाहिलेलं नाही.

इंजिन बिघडलं ते साडूंच्या सुधारणेमुळे. गाडीच्या नाकात, जाळीमागे, रेडिएटर आहे. समोरून येणारी हवा त्यातलं गरम पाणी थंड करते. पांदणीतली धूळ तिथे जाऊन बसते हे साडूंनी पाहिलं. त्यांनी ताईंची एक जुनी साडी मागितली, तिची दुहेरी घडी केली आणि जाळीवर घट्ट बांधली. "धूळ बाहेर, हवा आत," त्यांनी मला समजावलं. "येवढी साधी गोष्ट कंपनीले काहून नाही सुचली?" धूळ खरोखर बाहेर राहिली. पण हंगामाच्या शेवटच्या वेचणीचा कापूस ते खेकड्याच्या पाठीवर गठुड्यांनी भरून आणू लागले, आणि उडणारी रुई साडीवर थरावर थर चिकटत गेली. पंधरा दिवसांत गाडीच्या नाकावर एक चांगली जाड गोधडी तयार झाली. इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला होता का, हे सांगता येत नाही. त्या दिव्यावर साडूंनी आधीच काळी चिकटपट्टी लावली होती. कंपन्या गिऱ्हाईकाला उगाच भीती दाखवतात, असं त्यांचं मत होतं. नाल्याच्या चढावर पांढरा धूर निघाला, आतून खडखड ऐकू आली, आणि खेकडा थांबला. ताई शेजारच्या सीटवर होत्या. बैलजोडी लावून दोघांना गाडीसकट घरी आणलं.

त्यानंतर सात महिने खेकड्याचं इंजिन घराच्या छपरीत होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका खाटेवर चादर अंथरून सुटे भाग ओळीने मांडलेले होते आणि पाहुणे जमिनीवर बसले होते. काढलेला प्रत्येक बोल्ट त्यांनी पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून त्याच्या त्याच्या जागी खोचला होता. तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे आतलं पाणी तेलात मिसळलं होतं. पिस्टनवर उभे ओरखडे होते, आणि सिलिंडरवर बसणारं झाकण, ज्याला हेड म्हणतात, तापून वाकडं झालं होतं. साडूंनी कारणं शोधायला सुरुवात केली. आधी पेट्रोल भेसळीचं ठरलं. मग चढ. मग गाडी थंड देशातली असल्यामुळे तिला यवतमाळचं ऊन मानवलं नाही, असं ठरलं. साडीचं नाव त्यांनी काढलं नाही. ती साडी धुऊन, घडी करून ताईंनी कपाटात ठेवून दिली होती.

वाकडं हेड सपाट करायला सपाट जागा लागते. साडूंनी घरभर सरळ पट्टी लावून जमीन, ओटा, पाट, सगळं तपासलं आणि शेवटी ताईंच्या कपाटाचा आरसा काढला. "गावात याच्याहून सपाट काही नाही," ते म्हणाले. आरसा जमिनीवर ठेवून, त्यावर पॉलिश पेपर चिकटवून ते नऊ दिवस रोज सकाळी दोन तास हेड घासत होते. त्या नऊ दिवसांत ताईंनी कुंकू स्टीलच्या ताटात बघून लावलं. एकदा मी विचारलं, की तुम्ही रागावत कशा नाही. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "रागावून काय करू? या माणसाले बोललं की तो माहं बोलणंही खोलून पाहते."

हेड सपाट झालं. सिलिंडरच्या आतले ओरखडे मात्र घरी निघण्यासारखे नव्हते, आणि हे मान्य करायला साडूंना पूर्ण पावसाळा लागला. तोवर पऱ्हाटी कमरेला आली. धाकट्या जावेने एक दिवस सहज विचारलं, "यंदा सीतादही मीच करू का?" ताई म्हणाल्या, "पाहू." साडू तेव्हा छपरीत होते. त्याच दुपारी ते दारव्ह्याला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या मिस्त्रीला घरी घेऊन आले.

हे मिस्त्री बसस्थानकामागे दुकान असलेले, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी पुठ्ठ्यावरचे बोल्ट पाहिले, मान डोलावली. हेडवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात पाहिलं, पुन्हा मान डोलावली. साडूंची छाती फुगली. मग मिस्त्रींनी पिस्टन हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, हा तर दम घुटून गेला. सामने से हवा बंद होती. काय लावलं होतं समोर?"

साडूंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. छपरीत शेजारचे दोघे होते, मी होतो, दारात ताईंची जाऊ उभी होती. चष्मा बराच वेळ स्वच्छ होत राहिला. आतून ताईंचा आवाज आला, "माही साडी होती."

"कायले बांधली?" मिस्त्रींनी विचारलं.

"धूळ जाते म्हणून," ताई म्हणाल्या. कोणी बांधली हे त्यांनी सांगितलं नाही.

मिस्त्रींनी एकदा दाराकडे आणि एकदा चष्म्याकडे पाहिलं. "साडी अच्छी रही होगी," ते म्हणाले. "चहा घेऊ, मग सिलिंडर काढून द्या. बोर करावा लागते."

चहा झाल्यावर साडू उठले आणि लाल दिव्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढू लागले. तेवढ्या वेळात ते एकच वाक्य बोलले, तेही दिव्याकडे बघून. "म्याच बांधली होती."

दुसऱ्या दिवशी सिलिंडर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन ते जीपने दारव्ह्याला गेले. बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून कोरून गुळगुळीत करायला, दोन तास लागतात. ते सकाळी नऊला गेले आणि संध्याकाळी पाचला आले, कारण रांगेत आधी तीन इंजिनं होती आणि ती होईपर्यंत त्यांनी आपलं सिलिंडर खाली ठेवलं नाही. ताईंनी डबा दिला होता. तो त्यांनी दुकानातल्या बाकावर बसून खाल्ला. मिस्त्रींनी नंतर मला सांगितलं, "बाळंतपणाले आणलेल्या बाईचा नवराही इतक्या चकरा मारत नाही." वाढीव मापाचा पिस्टन कुरिअरने मागवला. कुरिअरवाला गावात येतच नाही, म्हणून साडू रोज फाट्यावर जाऊन उभे राहत.

पिस्टन आला तेव्हा वावरात बोंडं फुटायला लागली होती. वेचणाऱ्या बायांनी गुरुवार दिला. तो चुकला असता तर त्या दुसऱ्या गावाला गेल्या असत्या आणि कापूस झाडावर राहिला असता. जोडणीला पाच दिवस मिळाले. साडूंनी पुठ्ठ्यावरून एकेक बोल्ट काढला, मिस्त्रींकडून आणलेल्या टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आणि क्रमाने आवळला, आणि बुधवारी दुपारी पुठ्ठा पूर्ण रिकामा झाला. एकही स्क्रू उरला नाही. यामुळे ते फार अस्वस्थ झाले. अर्धा तास खाटेखाली शोधत होते. "काहीतरी चुकलं," ते म्हणाले. "असं कधी होत नाही." ताई म्हणाल्या, "चुकलं असन तर उद्या समजन. आता किल्ली फिरवा. मले दही लावाचं का नाही ते ठरवाचं हाय."

पहिल्या दोन वेळा इंजिन नुसतं खाकरलं. तिसऱ्यांदा सुरू झालं. साडूंनी लाटणं मागितलं नाही. उभे राहिले आणि ऐकत राहिले. ताई आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला.

गुरुवारी सकाळी मी मोटरसायकलने मागे होतो. ताईंच्या मांडीवर डबा, अंगावर हिरवी साडी. खेकडा पांदणीला लागला आणि माणसाच्या चालीने निघाला. वेचणाऱ्या बाया पायी पुढे निघून गेल्या. त्यांच्यातली एक वळून म्हणाली, "पाटलीणबाई, घाई असन तर उतरा, आमच्यासंगं चाला." साडूंनी गंभीरपणे सांगितलं, की नवीन पिस्टन आहे, त्यावरच्या रिंगा सिलिंडरला नीट बसेपर्यंत पाचशे किलोमीटर हळूच चालवावं लागतं, पुस्तकात लिहिलं आहे. वावरात ताईंना खाली बसता येईना, म्हणून दगड त्यांनी गाडीच्या पायरीवर बसून काठीने जवळ ओढले. हळदकुंकू वाहिलं, दहीभात शिंपडला. मग पऱ्हाटीला धरत धरत त्या पाच पावलं गेल्या आणि पहिली बोंडं वेचून ओटीत घेतली. साडू गाडीजवळ पाठमोरे उभे राहून रेडिएटर तपासत होते. तपासण्यासारखं तिथे काही नव्हतं.

या गोष्टीला आता दुसरा हंगाम आहे. ताईंचा डावा गुडघाही दुखू लागला आहे, आणि डॉक्टर जे सांगतात ते त्या मला पूर्ण सांगत नाहीत. वावर नाल्यापलीकडे दोन किलोमीटरवर आहे. रोजचं जाणं-येणं धरलं तर ते पाचशे किलोमीटर मागच्याच हंगामात पूर्ण झाले असणार. तरी खेकडा अजून माणसाच्याच चालीने जातो. ताई प्रत्येक धुऱ्यावर थांबून बोलतात, कोणाची तूर कशी आहे ते विचारतात, कोणाच्या बैलाचं नाव घेतात. आणि साडू इंजिन चालू ठेवून, पुढे बघत, शांत बसलेले असतात. मी एकदा विचारणार होतो, की रिंगा अजून बसल्या नाहीत का. मग विचारलं नाही. मीही मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि त्यांच्या मागे मागे जात राहिलो.