ओलेझिममामाचा चाळीस दिवसांचा हट्ट

ओलेझिममामाच्या भक्तीचं कौतुक माझ्यासमोर तरी करू नका.

ओलेझिम गिद्रोज माझा सख्खा मामा. शाळेत इंग्रजी सोडून घरचं फ्रेंच बोलला म्हणून मास्तरणीने त्याला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले, तेव्हापासून तो शाळेत फिरकलाच नाही. जन्मभर भाताच्या शेतांवर राबला आणि दर शनिवारी कुणाच्या तरी घरी नाचाला फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवली. पस्तीस वर्षं मी शेजारी बसून साथीची फिडल ओढली. साथ म्हणजे नुसता ताल आणि भरणा. चाल वाजवणार तो. त्याच्या आजीचा एक वॉल्ट्झ होता, जोडीने नाचायची चाल, नवरी निघताना वाजवायचा. तो त्याच्याशिवाय कुणालाच येत नव्हता.

“शिकव ना,” म्हटलं की म्हणायचा, “घाई काय? मी कुठे मरतोय?”

जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, फार तर मे महिना. तेव्हा कुठे कबूल झाला. तोही आज-उद्या करत राहिला. मग राखेचा बुधवार उजाडला आणि त्याने फिडल पेटीत घालून पलंगाखाली सरकवली. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपास, आणि वाद्याला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत.

“मामा, निदान गुणगुण तरी. मी उचलते.”

“गुणगुणणं म्हणजे वाजवणंच की गं. पाप लागेल.”

“आणि उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य असताना कासवाचं कालवण दोनदा मागून ओरपतोस, ते?”

“कासव पाण्यात राहतं. मासाच तो.”

मी फादरनाच घेऊन आले. ते म्हणाले, “ओलेझिम, खुशाल वाजवा. देव रागावणार नाही.”

त्यांची पाठ वळताच मामा म्हणाला, “पोरगेला आहे गं. तिकडे उत्तरेकडचा, ओहायोचा. त्याला आपलं काय कळतंय?”

देवाला चालतं, फादरना चालतं, याला नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

झावळ्यांच्या रविवारी तो गेला. ईस्टरला आठवडा उरला होता. “केवढी श्रद्धा!” म्हणत गावाने डोळे पुसले. श्रद्धा कसली, शुद्ध हेकेखोरपणा! शाळेला जे त्याच्याकडून काढून घेता आलं नाही, ते त्याने स्वतःच्या हाताने मातीत घातलं.

मे महिन्यात त्याच्या नातीचं, नोएलीचं लग्न झालं. ती निघाली तशी सगळे माझ्याकडे बघू लागले. मी फिडल उचलली आणि मला येत होतं तेवढंच वाजवलं. नुसती साथ. कुणाचा पाय उचलेना.

नोएली जवळ आली. “आत्या, चाल कुठंय?”

“आजोबांना विचार जा,” मी म्हणाले आणि शेवटपर्यंत वाजवत राहिले.