सुजल्या पायातली जोडवी

अक्का दुसऱ्या बाळंतपणाला जळकोटला माहेरी आली तेव्हा मी धाराशिवच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं सुट्टीत घरी आलो की माझ्या बोलण्याला मान मिळे, फक्त ते कुणी ऐकत नसे.

बाळंतपण नीट झालं. नंतर मात्र अक्काचे दोन्ही पाय सुजले. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्या सुजेत चांदीची भरीव जोडवी रुतून बसली. तेल लावून निघण्याची वेळ केव्हाच गेली होती. उजव्या पायाचं बोट आधी लाल होतं, बारशाच्या आदल्या दिवशी निळसर दिसू लागलं.

"बोट हाय का न्हाय तेच कळंना," अक्का म्हणाली.

इलाज चालूच होते. शेजारणी येत, एरंडाची पानं शेकून बांधत, बाजेखालची शेगडी आणखी फुलवत. वर अक्काला पाय खाली सोडून बसवत, म्हणजे सूज उतरेल. पाणी उताराला जातं एवढं त्यांना कळत होतं. पण उताराच्या तोंडाशी जोडवी आहेत, हे गावभरच्या शहाण्यांपैकी एकीच्याही डोक्यात येत नव्हतं. मी चाचरत म्हणालो, पाय उशीवर ठेवावेत, रक्ताला परत फिरायला वाट हवी, आणि सगळ्यात आधी जोडवी काढावीत.

चुलती म्हणाली, "जोडवं काढायचं नाव घेऊ नगंस. तिचा नवरा जिता हाय."

जिता नवरा बाहेर ओट्यावर बसला होता. दाजी बारशासाठी आदल्या दिवशीच आले होते. तोवर दोनदा जेवले होते. बायकोच्या पायांची चौकशी एकदाही केली नव्हती. मी त्यांच्याजवळ गेलो.

"दाजी, तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"बायकांच्या कामात गड्यानं पडू न्हाय, मेव्हणं."

ज्याचं आयुष्य म्हणे त्या चांदीच्या दोन वेढ्यांना बांधलेलं, त्यालाच त्यात पडायचं नव्हतं.

मग मी कुणाला न विचारता सोनाराला घेऊन आलो. अक्काला उंबऱ्याजवळ बसवलं. सोनारानं पाय पाहिले, कात्री काढली आणि परत पिशवीत ठेवली.

"सवाष्णीचं जोडवं म्या माझ्या मनानं कापत न्हाय. मालकास्नी इचारा."

अक्का एरवी नवऱ्यासमोर मान वर करत नसे. त्या दिवशी ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, बोटच सडलं तर पुढं जोडवं कशात घालू?"

ओट्यावर चार माणसं बसली होती. दाजींना लाज वाटली ती त्या चौघांची. बायकोची वाटली असं मला आजही म्हणवत नाही.

"कापा," ते म्हणाले, आणि खांद्यावरचं उपरणं सावरून ताठ बसले, जणू कात्री त्यांच्यावरच चालणार होती.

कट्ट असा आवाज झाला. सगळ्या बायकांनी माना वळवून ओट्याकडं पाहिलं. सांगायला शरम वाटते, पण एवढं शिकून मीही पाहिलं. दाजी चहा बशीत ओतत होते.

अक्कानं तेवढं पाहिलं नाही. ती डोळे मिटून बोट हलवायचा प्रयत्न करत होती.

"मुंग्या आल्या," थोड्या वेळानं ती म्हणाली. "हाय अजून."