ताईच्या डेअरीतली मुकी स्क्रीन

आमच्या घराण्यात इंजिनियर मी एकटाच. त्यामुळे कोणाचा मिक्सर घरघरला किंवा इन्व्हर्टरने शिट्टी मारली, की ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतल्या आमच्या घरी फोन वाजतो. मी मालनपूरच्या कारखान्यांतली कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करतो, मिक्सर नाही, हे सांगून सांगून दमलो आणि शेवटी मिक्सर शिकून घेतला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला, तो मात्र माझ्याच विषयातला होता. ताई आणि जिजाजी (भावोजींना आमच्याकडे ग्वाल्हेरीत कोणी भावोजी म्हणत नाही) बानमोरच्या रस्त्यावर छोटी डेअरी चालवतात.

"तुझी ती स्क्रीन मुकी झालीय," ताई म्हणाली. "टाकी दुधाने भरलीय. लवकर ये, आणि वाटेत पोहे खायला थांबू नकोस."

मी थांबलो नाही. म्हणजे, बांधून घेतले.

तिथली यंत्रणा मीच बसवलेली. लोखंडी पेटीच्या आत कंट्रोलर असतो. दूध थंड ठेवणं, तापवणं, पंप आणि झडपा चालवणं, सगळं तो करतो. पेटीच्या दारावर टच स्क्रीन. तिच्यावरून माणसाने 'सुरू' म्हणायचं आणि कंट्रोलरने तापमानाचे आकडे दाखवायचे. दोघांत एक केबल. साधं हाताचं बटणही लावू या, असं जिजाजी तेव्हा म्हणाले होते. "जिजाजी, बटणांचा जमाना गेला," असं मी त्यांना ऐकवलं होतं.

आता स्क्रीनवर आकड्यांच्या जागी नुसत्या फुल्या होत्या आणि खाली लाल पट्टी: संपर्क नाही. कंट्रोलरचा हिरवा दिवा मात्र ठणठणीत. म्हणजे तो जिवंत होता, पण त्याला 'सुरू' म्हणायला कोणी नव्हतं. गार करण्याचं यंत्रही त्याच्याच हुकमात, त्यामुळे दूध तसंच उभं. ऑक्टोबर असला तरी ग्वाल्हेरचं ऊन ते मानत नाही.

"काय झालं होतं? कोणी हात लावला का?" मी विचारलं.

"कोणी नाही," जिजाजी म्हणाले. "खंडेनवमीची पूजा केली फक्त."

जिजाजींचं घराणं फौजेतलं. घरातली तलवार आता म्यानातून निघत नाही, म्हणून त्यांचा सगळा भाव मशीनवर. पेटीवर हळदीकुंकू, झेंडूची माळ, सगळं यथासांग होतं. मी नमस्कार केला आणि कामाला लागलो.

स्क्रीन बंद करून चालू केली. फुल्या. पेटीचं दार किलकिलं करून केबल ओढून पाहिली, पक्की होती. मग मी माझ्या विद्येकडे वळलो. दोघं एकमेकांशी किती वेगाने बोलतात, कंट्रोलरचा नंबर काय, असल्या गोष्टी स्क्रीनच्या सेटिंगमध्ये असतात. मी वेग बदलला. फुल्या. नंबर बदलला. फुल्या. मग वेग पुन्हा बदलला. आधी काय होतं हे लक्षात ठेवायची गरज मला वाटली नाही; इंजिनियरच्या डोक्यात सगळं असतं.

ताई मागे येऊन उभी राहिली. "मला एकच सांग. होतंय की मी पनीरसाठी भट्टी पेटवू? दूध बिघडायला लागलं तर पिशवीतही जाणार नाही न् पनीरही होणार नाही. आणि नई सडकच्या दुकानांत आज दूध पोचलं नाही, तर उद्या ते लोक दुसऱ्याचं घेतील."

"पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मी तुझ्या लग्नापासून ओळखते," ती म्हणाली आणि भट्टी पेटवायला गेली.

आता मी पेटीचं दार पूर्ण उघडून स्क्रीनच्या पाठीमागे डोकं घातलं. जिजाजी टॉर्च धरून उभे राहिले. आतली प्रत्येक वस्तू लखलखत होती.

"ब्रशने केलंय," ते कौतुकाने म्हणाले. "ती वायरसुद्धा काढून पुसली. रबराची टोपी धुऊन लावली."

"कुठली टोपी?"

स्क्रीनच्या पाठीला एकसारखी दोन सॉकेट असतात. एक कंट्रोलरच्या केबलसाठी. दुसरं फक्त लॅपटॉप जोडायला, म्हणून त्यावर धूळ जाऊ नये अशी रबरी टोपी. जिजाजींनी टोपी केबलच्या जागी आणि केबल टोपीच्या जागी लावली होती. वर स्क्रूही घट्ट पिळले होते. मी ओढून पाहिली तेव्हा केबल पक्की लागली, ती अशी.

"पण बसली तर व्यवस्थित!" जिजाजी म्हणाले.

"दोन्हीकडे व्यवस्थितच बसते, जिजाजी."

मी केबल योग्य जागी लावली आणि विजयी चेहऱ्याने स्क्रीन चालू केली. फुल्या.

आता यात जिजाजींचा काही दोष नव्हता. त्यांनी घातलेला घोळ निस्तरला होता. हा नवा माझा होता. ज्या सेटिंगवर दोघं इतके दिवस बोलत होते, ती मीच पुसून टाकली होती. भट्टीकडून मोठ्या पातेल्याचा आवाज आला. ताईने पहिलं दूध चढवलं होतं.

"आता काय?" जिजाजींनी हळूच विचारलं.

"आता कंट्रोलरलाच विचारतो."

लॅपटॉप कंट्रोलरला जोडला. त्याने आपला वेग आणि आपला नंबर मुकाट्याने दाखवला. तेच स्क्रीनमध्ये भरलं. लाल पट्टी गेली, फुल्यांच्या जागी आकडे आले. दुधाचं तापमान चढलं होतं, पण अजून हाताबाहेर गेलं नव्हतं. जिजाजींनी 'सुरू'वर बोट ठेवलं आणि पंप घुरघुरला.

ताई धावत आली. आकड्यांवर तिचा विश्वास नाही. तिने टाकीतून वाटीभर दूध काढलं, छोट्या भगुन्यात भट्टीच्या कडेला ठेवलं आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. फाटलं असतं तर तिथेच कळलं असतं. दूध हललं, साय धरली आणि वर आलं.

"चालेल," ताई म्हणाली.

पहिल्या पातेल्यात मात्र तिने लिंबू पिळून टाकलं होतं. त्याचं पनीर झालं. उरलेलं दूध पिशव्यांत भरून दुपारी गाडी सुटली. उशिराच, म्हणून नई सडकच्या दुकानदारांचे टोमणे ताईने फोनवर उभ्याउभ्या ऐकून घेतले. पण उद्याचं दूध नको, असं कोणी म्हणालं नाही.

मी निघालो तेव्हा तिने फडक्यात बांधलेला पनीरचा गोळा माझ्या हातात ठेवला.

"हे घे. तुझ्या पाच मिनिटांचं आहे."