लॅबिरिंथचा तास

रेणुकादास उमरीकर मूळचे नांदेडचे. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायला आले आणि इथलेच होऊन गेले. मुलांत त्यांची ओळख होती ती शब्दांसाठी. फळ्यावर एखाद्या अवयवाचं नाव लिहिलं की ते आधी त्या नावाच्या मुळाशी जायचे आणि मग सावकाश अवयवाकडे वळायचे. त्यांचा सगळ्यात आवडता तास होता कानाचा, त्यातही अंतर्कर्णाचा.

"लॅबिरिंथ," ते म्हणायचे, "मूळ शब्द ग्रीक. शिरायला वाट सापडते, निघायला सापडत नाही, अशी वळणावळणाची इमारत. कानाच्या आत हाडात तशाच वाटा कोरलेल्या आहेत, म्हणून हे नाव. आता नीट ऐका. गोगलगाईच्या शंखासारखा जो भाग आहे तो कॉक्लिया, त्यानं ऐकू येतं. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांनी तोल कळतो. डॉक्टर लॅबिरिंथ म्हणतो तेव्हा अख्खा अंतर्कर्ण. कॉक्लिया म्हणतो तेव्हा फक्त शंख. जो घोटाळा करील त्याचा अर्धा मार्क मी कापीन."

भूकंप झाला त्या वर्षी त्यांच्या बारावीच्या वर्गात सिद्धराम बिराजदार नावाचा मुलगा होता. गाव किल्लारीच्या बाजूचं. तो लातूरच्या वसतिगृहात होता म्हणून वाचला. वडील ढिगाऱ्याखाली गेले, आई बसम्मा जिवंत निघाली. दिवाळीनंतर तो वर्गात परतला तेव्हा नेमका कानाचा तास चालू होता. तास संपल्यावर तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, माझी आई पत्र्याच्या शेडात खांब धरून बसती. जमीन हालायली म्हणती. आमाला कुनालाच हालल्यावानी वाटत न्हाई. हे कानाचं असंल का?"

रेणुकादासांनी पुसलेला फळा पुन्हा भरला. "फुगडी खेळून थांबलं की घर फिरतं ना? पाय थांबले तरी नळ्यांमधलं पाणी थोडा वेळ फिरत राहतं, म्हणून. तुझ्या आईचं इतकं सरळ नाही. जमीन थांबली, पण तिचा डोळ्यांवरचा, पायांवरचा, कानावरचा भरवसा उडालाय. तो बसायला वेळ लागेल. तिला वेड लागलेलं नाही, एवढं तिला सांग."

पोरगा ऐकताना पापणी हलवत नव्हता. असं ऐकणारं कुणी रेणुकादासांना आयुष्यात दुसरं भेटलं नाही. त्या दिवशी ते घरी गेले ते गुणगुणतच.

पुढे लातूरला मुलांचा पूर लोटला. अर्धापूर, जळकोट, धर्माबाद, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन यायचे, खोल्या भाड्यानं घ्यायचे. कॉलेजात नाव घालायचं आणि शिकायचं क्लासला, अशी रीत पडली. रेणुकादासांच्या वर्गात पुढचे दोन बाक भरायचे, मागे पंखे नुसतेच फिरायचे. आणि ट्यूशन एरियात चौकाचौकात फलकांवर एकच चेहरा लागला होता: प्रा. सिद्धराम बिराजदार, जीवशास्त्र.

रेणुकादास कॉलेजला, बाजाराला जाताना ते चौक टाळू लागले. फळवाला सहज म्हणाला, "तुमचेच विद्यार्थी ना सर, बिराजदार सर?" तर त्यांनी पपई तशीच ठेवली आणि चालू पडले. कुणीतरी सांगितलं की बिराजदार सरांचा कानाचा तास ऐकायला बाहेरची मुलं दारात उभी राहतात. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

"कानाचा तास," ते बायकोला, विनीताला, म्हणाले. "माझा आहे तो."

विनीता शाळेत गणित शिकवायच्या. आडपडदा त्यांना जमत नव्हता. "तुम्ही जळून राहिलात त्याच्यावर."

"मी कशाला जळू? तो अख्ख्या अंतर्कर्णाला शंख म्हणतो म्हणे. चुकीचं शिकवतो पोरांना."

"कुणी सांगितलं?"

त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. तसं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

घाव बसला तो घरातूनच. मुलगी अपूर्वा अकरावीत होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं. एके सकाळी चहा घेता घेता ती म्हणाली, "बाबा, मी बिराजदार सरांकडे क्लास लावू?"

"घरात बाप जीवशास्त्राचा असताना?"

"तुम्ही शब्द फार छान शिकवता, बाबा. पण एका शब्दात तास संपतो. माझा पोर्शन राहतो."

 रेणुकादासांचा कप बशीत आपटला गेला.

रविवारी बिराजदारांच्या क्लासचं फुकट व्याख्यान होतं, पालकांनाही बोलावलं होतं. विषय कान. अपूर्वाबरोबर रेणुकादास गेले ते चूक धरायलाच. दारात सिद्धरामनं त्यांना पाहिलं आणि सगळ्यांसमोर वाकून पाया पडला. आजूबाजूचे पालक कौतुकानं बघू लागले, आणि ते कौतुक सिद्धरामच्या नम्रपणाचं होतं. रेणुकादासांना वाटलं, हेही यानंच नेलं.

सिद्धरामनं फळ्यावर एका ओघात शंख आणि तीन नळ्या काढल्या. मग भूकंपाचं सांगितलं. वडील गेल्याचं एका वाक्यात सांगितलं, आणि आईनं खांब धरून दिवस कसे काढले ते सावकाश. सभागृहात एकही खुर्ची वाजेना. रेणुकादासही पुढे सरकून ऐकू लागले आणि पाठोपाठ मनात आलं की याला भूकंपसुद्धा कामी आला. आपल्या मनात असं यावं याची त्यांना लाज वाटली, पण आलेला विचार गेला नाही.

चूक काही होईना. शंख म्हणजे कॉक्लिया, सगळं मिळून अंतर्कर्ण, सगळं बरोबर. शेवटी रेणुकादास उभे राहिले.

"लॅबिरिंथ हा शब्द तुम्ही एकदाच उच्चारलात. त्याचा अर्थ नाही सांगितलात."

"परीक्षेत येत न्हाई सर," सिद्धराम म्हणाला, आणि मुलं हसली. त्यानं हात वर केला तशी गप्प झाली. "पण आले आहात तर तुम्हीच सांगा. मला तुम्हीच सांगितलं व्हतं."

त्यानं माईक त्यांच्या हातात दिला. रेणुकादासांनी सांगायला सुरुवात केली. ग्रीक राजा, त्याची ती इमारत, आत कोंडलेला राक्षस. त्यांना वाटलं, रंगतंय. मग दिसलं की मागच्या रांगेतल्या पोरी पिशव्या आवरताहेत आणि अपूर्वा मान खाली घालून बसली आहे. वाक्य अर्धं सोडून त्यांनी माईक परत केला.

बाहेर व्हरांड्यात पांढऱ्या पातळातली एक म्हातारी खुर्चीवर बसली होती. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. बसम्माच असणार. रेणुकादास थांबले.

"आता जमीन हालत नाही ना, आजी?"

"न्हाई बाबा. सिद्ध्यानं सांगितलं, वेड न्हाई, कानातलं पानी हाय ते. तवा जीव जाग्यावर आला."

"कानातलं पाणी नव्हे," रेणुकादासांच्या तोंडून गेलं. "आणि त्याला ते मी सांगितलं होतं. मी त्याचा मास्तर."

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. "असं का," ती म्हणाली. "बसा की मग. च्या सांगते."

ते बसले नाहीत.

अपूर्वानं तिथंच क्लास लावला. पहिल्या दिवशी सोडायला तेच स्कूटरवरून गेले. दोन वर्षांनी तिला नांदेडच्या सरकारी मेडिकलला प्रवेश मिळाला. पेढे घेऊन ती आधी बिराजदार सरांकडे गेली, मग घरी आली. विनीतांनी नवऱ्याच्या तोंडात पेढा घातला तेव्हा त्यांनी तो खाल्ला, आणि चांगला आहे, असंही म्हणाले.

रेणुकादास निवृत्त झाल्यावर सिद्धराम स्वतः त्यांच्या घरी आला. "सर, वनस्पतिशास्त्राला माणूस न्हाई माझ्याकडं. तुम्ही याल का?" रेणुकादासांनी विचार करायला आठवडा घेतला. मग हो म्हणाले. मुळं, पानं, फुलं ते मन लावून शिकवतात, आणि आता पोर्शनही पुरा करतात. मुलं त्यांना मानतात. कानाचा तास मात्र सिद्धरामच घेतो. वेळापत्रकात तो लागला की त्या दिवशी रेणुकादास नांदेडला बहिणीकडे जायचं काम काढतात आणि सकाळच्याच एसटीनं निघून जातात.