डॉक्टर ठिणगी बघतात

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गाड्यांच्या बॅटऱ्यांचे डॉक्टर आहेत. ही पदवी त्यांना कुठल्या कॉलेजने दिलेली नाही. सुरुवातीला गल्लीतले लोक थट्टेने म्हणायचे, "डॉक्टर, जरा आमच्या गाडीची नाडी बघा." भाऊजींना थट्टा कळत नाही, हा त्यांचा जन्मजात गुण. त्यांनी ती पदवी इतक्या मनापासून स्वीकारली की शेवटी लोकांनाच थट्टा सोडून द्यावी लागली. दुकानाच्या पाटीवर नावाआधी 'डॉ.' रंगवून आलं तेव्हा मी विचारलं, "भाऊजी, एखादा पेशंट दगावला तर?" ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "माझ्या हातून अजून एकही बॅटरी मेलेली नाही. काही येतानाच मेलेल्या असतात, त्याला मी काय करणार?"

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाच्या बरोबर समोर आहे. त्यामुळे भाऊजींचं कर्तृत्व मला दिवसभर फुकटात बघायला मिळतं. गिऱ्हाईक आलं की ते खुर्चीतून सावकाश उठतात, खिशातून जाड तांब्याच्या वायरचा तुकडा काढतात, बॅटरीवर वाकतात आणि तिच्या दोन टोकांना तो तुकडा क्षणभर टेकवतात. फट् आवाज होतो, निळी ठिणगी उडते. मग डोळे मिटून ते निदान सांगतात, "जीव आहे," किंवा "गेली." तपासायचं मीटर भिंतीवर टांगलेलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. ती पिशवीसुद्धा त्यांनी कधी फाडली नव्हती. मीटर नवशिक्यांसाठी असतं, असं ते म्हणत.

खोटं कशाला बोलू, ताईलाही हे फार आवडायचं. लग्न ठरलं तेव्हा ती मला कौतुकाने सांगायची, "त्यांना नुसत्या ठिणगीवरून सगळं कळतं गं." संसाराला इतकी वर्षं झाली, आता बाकी कशावरून त्यांना काही कळतं का, हे मी तिला विचारलेलं नाही.

निदान एवढंच डॉक्टरांचं काम. त्यापुढचं सगळं ताईकडे. बॅटऱ्या पुसायच्या, पाण्याची पातळी बघायची, लाल चिमटा अधिकला आणि काळा उण्याला लावायचा, काढायचा, सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा टाकून फरशी धुवायची. तिच्या प्रत्येक कपड्याला पोटाजवळ बारीक बारीक भोकं पडलेली असत. भाऊजींचे शर्ट मात्र कडक इस्त्रीचे. माझी ताई काही गरीब गाय नाही, तिची जीभ चांगली धारदार आहे, दुपारची झोप मोडली तर ती कुणालाही सोडत नाही. पण भाऊजींशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे ओळखून तिने तो नाद सोडला होता. ते सांगत ते ती 'हो' म्हणून ऐकायची आणि ते चहाला गेले की स्वतःला पटेल तसं करायची.

मग ते यंत्र आलं. एकाच वेळी दहा बॅटऱ्या चार्ज करणारं, वर काट्यांच्या तबकड्या असलेलं. भाऊजींनी त्याला हात लावून असं बघितलं, की ताई म्हणाली, "माझ्याकडे कधी असं बघितलं नाहीत."

यंत्र बसवायला कंपनीचा माणूस आला. जेवायची वेळ झाली होती, त्यामुळे त्याने सगळ्या सूचना पाठ केल्यासारख्या एका दमात म्हणून टाकल्या. यंत्र पक्क्या टेबलावर ठेवा, पण बॅटऱ्यांच्या डोक्यावर नको, बाजूला. अर्थिंग नीट करून घ्या. मोठ्या गाडीची आणि छोट्या गाडीची बॅटरी एका ओळीत जोडू नका. चिमटे लावताना आणि काढताना आधी यंत्र बंद. पाण्याचा नळ जवळ हवा. आणि मुख्य म्हणजे खोलीत हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, तो दिसत नाही, त्याला वास नाही, कोंडला तर एक ठिणगी पुरते. भाऊजी सारखी मान हलवत होते. मान हलवतात म्हणजे ऐकतात, असं त्या बिचाऱ्याला वाटलं आणि तो जेवायला गेला.

तो कोपऱ्यावरून वळला असेल नसेल, भाऊजींनी स्वतःच्या पद्धतीने मांडणी सुरू केली. दुकानाच्या मागच्या खोलीला एकुलती एक खिडकी, ती बाजूच्या रस्त्यावर. जुनी पाटी लहान वाटते म्हणून त्यांनी नवी, खिडकीच्याच मापाची करून आणली आणि खिडकीवर ठोकली. 'डॉ.' आता लांबून वाचता येत होतं. वरच्या झरोक्यातला पंखा घरघर करतो म्हणून काढून टाकला आणि झरोक्यात पुठ्ठा बसवला. यंत्र ठेवलं बॅटऱ्यांच्या बरोबर वरच्या फळीवर, का तर काउंटरपाशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला काटे हलताना दिसले पाहिजेत. तो सांगून गेलेल्यातलं त्यांनी काय पाळलं म्हणाल, तर नळ. तो आधीपासून तिथे होता.

"अहो, तो म्हणाला होता, हवा खेळती ठेवा," ताई म्हणाली.

"हवा लागली की बॅटरी थंड पडते. चार्ज धरत नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"अनुभवाने."

अनुभवाने सांगितलेलं आणखी बरंच होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ट्रकच्या बॅटरीशेजारी एका ओळीत मोटरसायकलची बॅटरी जोडली. थोरल्याला लागतं तेवढं धाकट्याला भरवलं तर धाकटा ओकणारच. ती छोटी बॅटरी फुगून टम्म झाली आणि फरशीभर ॲसिड झालं. भाऊजींनी निदान केलं, "हिची प्रकृती मुळातच नाजूक होती." फरशी ताईने धुतली.

या गोष्टी सांगताना मला हसू येतं, पण तेव्हा मला रोज भीती वाटायची. मला समोरून सगळं दिसायचं. भाऊजी त्या खोलीत जाणार निदानापुरते, मिनिटभर. दिवसभर आत असायची ती ताई. कधी ना कधी ती खोली फुटणार आणि तेव्हा आत माझी बहीण असणार, हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं की झेरॉक्स काढताना माझी पानं उलटसुलट व्हायची. ती चोरून दार उघडं ठेवायची, गिऱ्हाईक गेलं की भाऊजी धूळ येते म्हणून बंद करायचे. तिने वायरचा तुकडा लपवला, तर त्यांनी दुसरा कापून घेतला, पहिल्यापेक्षा लांब.

एकदा मीच रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, "भाऊजी, त्या माणसाने वेड्यासारखं सांगितलं नसेल. खिडकी तरी उघडा."

"तो पगारी माणूस आहे. मी मालक आहे."

"वायूला कसं कळणार, मालक कोण ते?"

"तू तुझ्या झेरॉक्समध्ये लक्ष घाल. दोन्ही बाजू नीट येत नाहीत तुझ्या, लोक म्हणतात."

हे खरं होतं, त्यामुळे मी रस्ता ओलांडून परत आले.

तो दिवस उकाड्याचा होता. एक टेम्पोवाला आपली बॅटरी न्यायला आला आणि आल्यापासून घाई करत होता. दुकानाचं आणि आतल्या खोलीचं अशी दोन्ही दारं त्या वेळी उघडी होती, म्हणून मला सगळं दिसलं आणि ऐकूही आलं. ताई आत म्हणाली, "अजून चार्जिंगला लागलेली आहे. यंत्र बंद करते, जरा वेळ हवा जाऊ द्या, मग काढून देते."

"मला उशीर होतोय," टेम्पोवाला म्हणाला. "झाली का नाही, तेवढं तरी सांगा."

डॉक्टरांना एवढं पुरे होतं. ते खुर्चीतून उठले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "या, तुम्हाला जीव दाखवतो." आत गेल्यावर खोलीचं दार त्यांनी सवयीने पायाने लोटलं. बंद दाराआडून ताईचा आवाज आला, "अहो, थांबा, आधी बंद करू दे." नंतर मोठा टायर फुटावा तसा आवाज झाला.

मी धावले. दार उघडून टेम्पोवाला माझ्या अंगावरूनच पळत बाहेर गेला. आत बॅटरीचं झाकण छताला लागून खाली पडलं होतं, भिंतींवर ॲसिडचे शिंतोडे होते आणि भाऊजी दोन्ही हातांनी डोळे धरून ओरडत होते. मी आधी ताईचा चेहरा बघितला. ती यंत्राच्या स्विचकडे गेली होती म्हणून कोपऱ्यात होती. तिच्या बाहीवर थोडं उडालं होतं, तोंडाला काही नव्हतं.  भाऊजींना काय झालं, हे मी त्यानंतर बघितलं आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

ताईने स्विच खाली ओढला. मग नवऱ्याला कॉलरला धरून नळाखाली नेलं आणि त्यांचं डोकं पाण्याखाली दाबून धरलं.

"पुरे, पुरे, गुदमरतोय मी," भाऊजी ओरडले.

"गप्प बसा. डोळे उघडा. उघडा म्हणते ना."

त्यांनी उघडले. इस्त्रीचा शर्ट चिंब झाला, पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, तरी तिने सोडलं नाही. मी गाडी मिळवून आणेपर्यंत ती तशीच त्यांची मान धरून उभी होती आणि रडत होती आणि रडता रडता त्यांना शिव्या देत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्याने वाचवलं, नाहीतर दृष्टी गेलीच होती. डोळ्यांवर पट्ट्या बांधून भाऊजी पलंगावर पडले होते. तशातही त्यांनी बाईंना सांगितलं, "तसे आपण एकाच व्यवसायातले." बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते समजावत, की हल्लीच्या बॅटऱ्यांची झाकणंच कच्ची असतात. पडलो तरी नाक वर म्हणतात, ते मी पट्टीखालून वर आलेलं प्रत्यक्ष पाहिलं आहे.

ते घरी पडून होते तेवढ्यात ताईने दुकान उघडलं. मी आणि तिने मिळून खिडकीवरची पाटी उचकटली. झरोक्यात पंखा परत बसवला, तो घरघर करतो, करू दे. कंपनीच्या माणसाला पुन्हा बोलावलं, या वेळी जेवण झाल्यावर. त्याच्यासमोर यंत्र बाजूच्या टेबलावर घेतलं, अर्थिंग तपासून घेतलं. मोठ्या बॅटऱ्या एका ओळीत, छोट्या वेगळ्या. मीटरची पिशवी ताईने दातांनी फाडली. आणि चिमट्याला हात लावण्याआधी स्विच पाडून ती मोठ्याने 'बंद' म्हणायला लागली, खोलीत दुसरं कुणी नसलं तरी. गिऱ्हाइकं आधी हसली. मग रस्त्यावरून येतानाच "ताई आहेत का?" असं विचारायला लागली.

पट्ट्या निघाल्यावर भाऊजी काळा चष्मा लावून दुकानात आले. लांबचं अजून धूसर दिसत होतं. खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "माझी पाटी कुठे गेली?"

"मागे आहे. तिच्यावर बॅटऱ्या ठेवल्यात," ताई म्हणाली. "फळी चांगली आहे."

भाऊजी जाऊन खुर्चीत बसले. मी झेरॉक्सचं दुकान उघडं टाकून तिथेच उभी होते, हा प्रसंग मला चुकवायचा नव्हता. थोड्या वेळाने जुन्या ओळखीचा एक गाडीवाला आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "डॉक्टर, सकाळी बॅटरी ठेवून गेलो होतो, बघता का जरा?"

भाऊजी उठले. चेहऱ्यावर जुनं तेज आलं. सरळ आतल्या खोलीत गेले, बॅटरीवर वाकले आणि चिमटा काढायला हात पुढे केला. हात तसाच हवेत राहिला. त्यांनी यंत्राकडे बघितलं. काटा कुठे आहे, ते त्यांना दिसत नव्हतं. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांची दया आली.

"अगं," ते म्हणाले, "बंद आहे का गं?"

या माणसाने माझ्या बहिणीला आजवर हजार गोष्टी सांगितल्या होत्या, विचारलेली एकही मला आठवत नाही. मला वाटलं, आता ही विरघळणार. ताई बॅटरी पुसत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"हात लावून बघा," ती म्हणाली.

भाऊजींनी हात मागे घेतला आणि ती 'बंद' म्हणेल याची वाट बघत ते तिथेच उभे राहिले.