गार नळाचा चटका

हसायचंच असेल ना, तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता.

मी पाइपांचा इंजिनियर. दोह्याजवळच्या मेसईदच्या खत कारखान्यात मैलोन्‌मैल पाइप माझ्या देखरेखीखाली. तिथल्या कंपनीच्या खोलीतून मी दोह्यातल्या अल सद्दच्या फ्लॅटमध्ये आलो तो गेल्या जुलैत, माझ्या तिथल्या पहिल्याच उन्हाळ्यात, एका गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी अकराच्या विमानानं बायको मीनल, आठ महिन्यांची आमची ओवी आणि सासूबाई येणार होत्या. सासूबाईंनी नाशिकभर सांगून ठेवलेलं, "घराची कसली काळजी? जावई पाइपांतलेच आहेत!"

शुक्रवारी सकाळी निळ्या खुणेचा गार नळ सोडला आणि किंचाळलोच. हाताला चटका! लाल खुणेचा सोडला, तर पाणी गारेगार.

सासूबाई येणार, गार म्हणून निळा नळ सोडणार आणि खाली ओवी! नको तो विचार. कुणीतरी गीझरचे पाइप उलटे जोडलेत, माझं निदान झालं. गीझर चालू आहे की बंद, हे बघायला नको? कोण बघतो हो! इंजिनियर ना मी.

पाना घेतला आणि गीझरच्या दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली. अंगावर पाणी उडालं, तेही गारच होतं. तिथं तरी डोक्यात प्रकाश पडावा?

लाल नळ सोडला. खर्रर्र... फुस्स. दोन थेंब, मग ठणठणाट. निळा मात्र तसाच चटके देतोय.

"हवा अडकली!" मी स्वतःलाच म्हणालो. नळाला तोंड लावून फुंकलं. पाइप ठोकला. घड्याळात साडेनऊ. घामानं भिजलेलो, आणि डोळ्यांसमोर ओवीचे इवलेसे पाय.

मग मी ते केलं. बिल्डिंगच्या ग्रुपवर झोकात इंग्रजी मेसेज टाकला: लाइनमध्ये हवा आहे, बाराही फ्लॅटनी दोन्ही नळ दहा मिनिटं पूर्ण सोडावेत. खाली सही, 'सीनियर पाइपिंग इंजिनियर'.

लोक भले हो! सगळ्यांनी ऐकलं. फक्त शुक्रवार म्हणजे तिथं सुट्टीचा दिवस, त्यामुळे निम्मे लोक नळ सोडून परत झोपले.

सव्वादहाला दारावर थाप. बिल्डिंग सांभाळणारे दाऊदचाचा. मूळचे रत्नागिरीचे, पंचवीस वर्षं दोह्यात.

"सायब, टाकी खलास!"

"म्हणजे?"

"म्हंजे आख्ख्या बिल्डिंगीत पानी नाय. टँकर आता जुम्म्याच्या नमाजानंतर, इन्शाल्ला."

ग्रुपवर तर बघवत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन शेजाऱ्यानं डोक्यावर साबणाचा फेस असलेला स्वतःचा फोटो टाकला होता. खाली एकच शब्द: 'इंजिनियर?'

तसाच एअरपोर्टला पळालो. गाडीत बसल्या बसल्या सासूबाई म्हणाल्या, "घरी गेलं की आधी पोरीला छान न्हाऊ घालते. उकाड्यानं बघा कशी कावलीय."

"हो हो," मी म्हणालो. आवाज नळासारखाच निघाला, खर्रर्र... फुस्स.

"तुम्हाला बरं वाटत नाही का?" मीनलनं विचारलं. बरं? मला तर विमानतळावरूनच परत नाशिकला जावंसं वाटत होतं!

घरी पोचलो एक वाजता. दाऊदचाचा नमाज उरकून माझ्याच दारात उभे. बाथरूममध्ये गेले, गीझरकडे एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अवो सायब, ह्यो काय उद्योग केलात? पानी उलटं जाऊ नये म्हनून हितं झडप असते. तुमी तिच्याच उलट पानी ढकलताव. हवा कुठली अडकतेय?"

तसल्या झडपा आमच्या कारखान्यात दोनशे आहेत. रोज मीच तपासतो.

"पण चाचा, गार नळाला उकळतं पाणी..."

"छपरावरची टाकी हाय ती! उन्हानं तापनारच. म्हनून उन्हाळ्यात हितं सगळे गीझर बंद ठेवतात. गीझर घरात, एसीत. त्यातलं पानी थंड ऱ्हातं. गार पानी पायजे तर लाल नळ सोडायचा. आमच्याकडं पोराटोरांना ठावं हाय."

म्हणजे बिघाड नव्हताच. जो झाला तो मी केला!

चाचांनी नळी सोडवली. खाली बादली धरली आणि गीझरमधलं पन्नास लिटर गार, स्वच्छ पाणी धो धो आलं. झडपेनं अडवून धरलं म्हणून अख्ख्या बिल्डिंगमध्ये तेवढंच उरलेलं. ओवीनं त्यात हात आपटले आणि खुदकन हसली. मला अक्षरशः रडू आलं.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. पोहोचलात का, पाण्याचं वगैरे ठीक आहे ना?

सासूबाईंनी ओवीचं डोकं पुसता पुसता फोन खांद्यानं कानाला लावला.

"हो, पोरीची आंघोळसुद्धा झाली. अजिबात काळजी करू नका. जावईबापूंना आता मी नळाला हात लावू देत नाही."