वरचं बटण

आबा गेल्याची तार साताऱ्यात हातात पडली, तेव्हा मी कचेरीत जायला शर्ट घालत होतो. वरचं बटण काही केल्या लागेना. शेवटी तसाच, उघड्या गळ्यानं कुंडलची एस.टी. गाठली... आबांना हे मुळीच खपलं नसतं.

माझे हे चुलते पलटणीतून हवालदार होऊन परतले. उसाला पाणी पाजतानाही त्यांचं वरचं बटण लावलेलं. रात्री शर्ट हँगरला अडकवला, तरी तिथंही लावलेलं. म्हणून दुष्काळ सरल्यावर एका सकाळी ते काकीला म्हणाले, "अगं, जरा बटण लाव," तेव्हा काकी चूल सोडून धावत आली. बोटांना मुंग्या यायच्या, हातातून तांब्या सुटायचा. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेत नस दबलीय, ऑपरेशन हवं. पण लघवीत साखर. "अशात कापलं तर जखम भरणार नाही, पू धरेल. फार थांबलो तर हात जाईल. साखर बंद, इन्सुलिन चालू. उतरली की लगेच करू."

दवाखान्यात सोबतीला मी राहिलो. सोबत कसली... सुई दिसली की आधी मीच खाली बसायचो. रोज काचेच्या नळीत निळं औषध घालून लघवी तापवायचे. निळीच राहिली तर बरं. ती रोज विटकरी! इकडे आबांची मूठ सैल पडत चाललेली.

"आबा, चोरून साखर खाताय काय?"

"आरं, कणाला शिवलो न्हाई! च्या बी गुळाचाच पितोय." उशाशी घरच्या काकवीची बरणी होती.

"आवं, गूळ म्हंजे साखरच की!"

"मग शान्या, साखर कारखाना कशाला काढलाय रं?"

बरणी कुंडलला परत गेली. नळी हिरवी झाली, मग निळी. ऑपरेशन झालं, तरी जखम रेंगाळली. पट्टी सुटताना आम्ही जखमेकडे नाही, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचो. "भरतेय," ते म्हणाले, तेव्हा कुठं काकी रडली. उजवा हात परत आला. डाव्याची दोन बोटं मात्र बधिरच राहिली. साखरेनं नसा आधीच पोखरल्या होत्या.

त्यानंतर बटणाला कुणी हात लावायचा नाही. दारात एस.टी. भोंगा वाजवत असली तरी आबा स्वतःच लावत बसायचे, "थांब रं, लागतंय..."

परवा काकीनं त्यांचा हँगरवरचा शर्ट मला दिला. घालून बघावा म्हणून मी वरचं बटण सोडायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," काकी म्हणाली. "त्येंनी लावलंय."